मैलापूरच्या कोपऱ्याचा नकाशा

शालिकराम धोटेचा आवाज ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी कधी ऐकलाच नव्हता, असं देवराव सांगायचा. देवराव त्याच्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं बसलेला, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं पाडायची सोय नव्हती.

नागपुरात रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात शालिकराम ट्रेसर होता. इंजिनियर मंडळी कागदावर पेन्सिलीनं आखून द्यायची. शालिकरामनं त्यावर ट्रेसिंगचं पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईनं रेघन्‌रेघ वर उतरवून घ्यायची. यार्ड, साइडिंग, रुळाखालच्या मोऱ्या, पूल, सिग्नलचे खांब, पाण्याच्या टाक्या. हात असा, की लांबच लांब रेघेत शाई कुठं जाड नाही की कुठं पातळ नाही. काटोलजवळच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन तो बेचाळीस साली नागपुरात आला, तेव्हापासून किती मैल रूळ त्यानं कापडावर टाकले असतील, त्याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. मात्र त्या तीस वर्षांत त्याच्या कुठल्याही नकाशात माणूस आला नव्हता. नकाशात माणूस दाखवायची पद्धतच नसते.

अशा माणसाच्या हाती बहात्तरच्या दिवाळीनंतर ते पुस्तक पडलं.

सीताबर्डीवर फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग लावून एक जण बसायचा. शालिकराम सहज वाकला तर एका इंग्रजी पुस्तकाचं मधलंच पान उघडं पडलेलं. त्यावर एका चौकाचा नकाशा होता आणि त्या नकाशात बारीक बारीक ठिपके. खाली लिहिलं होतं, एक ठिपका म्हणजे एक माणूस. शालिकराम तिथंच उकिडवा बसला. पुस्तकाची पहिली आठ पानं गेलेली होती, त्यामुळे नाव काय, लिहिणारा कोण, काहीच कळायला मार्ग नव्हता. त्यानं ते घेतलं, डिक्शनरी शेजारी घेऊन रोज संध्याकाळी दोन पानं वाचायला लागला, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत पार वेडा झाला.

पुस्तकात शहराबद्दल लिहिलं होतं. शहर म्हणजे रस्ते नव्हेत, इमारती नव्हेत. कोपऱ्यावर कोण उभं राहतं, कोण कुणाच्या घराची किल्ली सांभाळतं, कुणाचं पोर पडलं तर कोण धावतं, त्याचं नाव शहर. आणि हे बघायचं असेल तर एका कोपऱ्यावर दिवसभर बसावं, हलू नये, आणि कोण आलं, कोण थांबलं, कोण कुणाशी बोललं ते सगळं कागदावर मांडत जावं.

शालिकरामनं हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. जयवंता तांदूळ निवडत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढ्यासाठी त्यानं पुस्तक काहून छापलं? माह्याजवळ येऊन बसला असता तं मीच सांगतलं असतं.”

शालिकरामनं ते मनावर घेतलं नाही. तो ऑफिसात बोलायला लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून कोपऱ्यांबद्दल बोलायचा, चहाच्या टपरीबद्दल बोलायचा, खिडकीतून रस्त्यावर बघत बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे शहरावर केवढे उपकार आहेत ते सांगायचा. पहिल्या दिवशी देवरावनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. आठवड्यानं मात्र तोच म्हणाला, “एवढा जीव चालला असंल तं बस ना गा एका कोपऱ्यावर. कोण अडवून राह्यलं तुले?”

अडचण अशी होती, की नागपुरात शालिकरामला बसता येईना. एका रविवारी तो महाल भागात एका ओट्यावर कागद घेऊन बसला, तर पहिल्या पाऊण तासात सतरा ओळखीची माणसं थांबली. कुणी तब्येत विचारली, कुणी घरी भांडण झालं का विचारलं, एकानं तर त्याला हाताला धरून घरी पोचवलं. जिथं आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही असा कोपरा पाहिजे होता.

त्यातच त्या वर्षी थंडी अशी पडली, की सकाळी पाण्यात हात घालवत नव्हता. जयवंताचे गुडघे धरले. तिला उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागायचा आणि ती त्या थंडीला, नागपूरला आणि रेल्वेला एकाच दमात शिव्या घालायची. रेल्वेला अशासाठी, की फुकट प्रवासाचा पास दरवर्षी मिळायचा आणि दरवर्षी वाया जायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि त्या पासावर ते दोघं अमरावतीपलीकडे कधी गेले नव्हते. देवरावनंच तोड काढली. त्याचा मेहुणा रामेश्वरला जाताना मद्रासला मैलापुरात एका धर्मशाळेत उतरला होता. तिथं जानेवारीत पंखा लावावा लागतो, म्हणाला. ऊन, समुद्र, मोठ्ठं शहर, आणि ओळखीचं चिटपाखरू नाही.

शालिकरामनं त्याच दिवशी पासासाठी अर्ज टाकला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघं निघाले तेव्हा जयवंताच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल, आणि डोक्याला मफलर होता. शालिकरामनं माकडटोपी घातली होती. वळकटीत घोंगडी, पिशवीत तिळगुळाचा डबा, कारण संक्रांत तिकडेच होणार होती, आणि सगळ्यांच्या वर, सुरळीला धक्का लागू नये म्हणून हातातच धरलेले ड्रॉइंगचे कागद. बल्लारशाला शाल उतरली. वारंगळला एक स्वेटर गेला. विजयवाड्याला जयवंता खिडकीशी नुसत्या लुगड्यावर बसली होती, बाहेर केळीच्या बागा पळत होत्या, आणि तिनं पाय पुढे करून गुडघे दोनदा वाकवून पाहिले. मग तिनं शालिकरामकडे असं पाहिलं, की त्याला लग्नानंतरचे दिवस आठवले आणि तो लाजून टाइमटेबल वाचायला लागला.

मद्रासचं ऊन स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या अंगावर आलं. गंमत म्हणजे त्या उन्हात मद्रासची माणसं गळ्याला मफलर गुंडाळून हिंडत होती आणि थंडीबद्दल तक्रार करत होती. धर्मशाळेच्या कारकुनानं त्यांना जास्तीची चादर पाहिजे का विचारलं, तेव्हा जयवंता इतकी हसली, की तो बिचारा घाबरला.

सामान टाकून दोघं आधी समुद्रावर गेले. एवढं पाणी एका जागी दोघांनीही पाहिलं नव्हतं. शालिकराम पुस्तकाप्रमाणे लांब उभा राहून कोण कुठं बसलंय ते बघायला लागला, पण जयवंतानं ओचा खोचला आणि भिंतीच्या आधाराशिवाय न उठणारी ती बाई सरळ लाटेत चालत गेली. तिला ओढायला म्हणून तो गेला. पुढच्या लाटेनं दोघांनाही खाली बसवलं. नाकातोंडात पाणी, डोळ्यांत मीठ, आणि दोघं एकमेकांकडे बघून पोरांसारखे हसताहेत. शालिकरामची डावी चप्पल समुद्रानं नेली ती नेलीच. मैलापूरपर्यंत तो एका चपलेवर आला, आणि वाटेत एकदाही त्याला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोपरा निवडला. मैलापूरच्या मोठ्या देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत दोन रस्ते जिथं मिळत होते, तिथं एका झाडाखाली पट्टम्माळ नावाची बाई इडलीची चूल मांडून बसायची. तिच्या उजवीकडे केळीवाला, समोर न्हावी, न्हाव्याला लागून इस्त्रीवाला, पलीकडे गजरे ओवणारी एक म्हातारी. सकाळची इडली खाताना शालिकरामनं कोपऱ्याकडे असं पाहिलं, जसं लोक मुलगी बघायला जातात तेव्हा बघतात. जयवंतानं तोवर पट्टम्माळकडून खोबऱ्याची वाटी ओढून घेतली होती आणि ती चटणीसाठी खोबरं खवत होती. एक तमिळमध्ये बोलत होती, दुसरी वऱ्हाडीत. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी एकदाही थांबल्या नाहीत. तासाभरानं उठताना जयवंताला पट्टम्माळला तीन मुली आहेत, धाकटीचा नवरा बरा नाही आणि चूल धूर करते, एवढं सगळं ठाऊक झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला शालिकराम समोरच्या घराच्या ओट्यावर फळी मांडीवर घेऊन बसला. जयवंता देवळात गेली होती. त्यानं आधी दोन्ही रस्त्यांच्या कडा आखल्या, झाड दाखवलं, चूल दाखवली. मग ठिपके टाकायला सुरुवात केली. तीस वर्षांत पहिल्यांदा तो कुणी न आखलेलं काहीतरी आखत होता. हिरव्या लुगड्याची बाई, म्हणजे पट्टम्माळ. तिच्याकडे आलेला पहिला माणूस, दुसरा, तिसरा. कोण बसून खातं, कोण नुसतं बोलून जातं. बोलणाऱ्यांसाठी त्यानं लाल शाई ठेवली होती.

साडेआठच्या सुमाराला त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. केळीवाल्यानं टोपली दोन हात मागे घेतली होती. शालिकरामनं ती खोडून पुन्हा काढली. तेवढ्यात न्हाव्यानं आपली ताडपत्री उतरवली आणि खुर्ची आत नेली. इस्त्रीवाल्यानं टेबल उचललं. गजरेवाली म्हातारी कुठं गेली ते कळलंच नाही. शालिकराम भराभर खोडत होता आणि पुन्हा आखत होता, आणि नऊ वाजेपर्यंत त्याच्या डोळ्यांदेखत कोपरा रिकामा व्हायला लागला. असं काही होईल, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मग कुणीतरी त्याला खुर्ची आणून दिली. कुणीतरी पितळी पेल्यातून वाफाळती कॉफी आणली. एक शहाळं आलं. एका माणसानं तर छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली आणि धरूनच उभा राहिला. शालिकरामला भरून आलं. परक्या माणसाला शहर कसं सामावून घेतं, यावर पुस्तकात आख्खं प्रकरण होतं, आणि ते अक्षर न् अक्षर खरं निघत होतं. तो सगळ्यांकडे बघून हसला. त्यांनीही हसून नमस्कार केला, पण जरा जास्तच वाकून.

जयवंता देवळातून परतली ती सरळ झाडाखाली. चूल जागेवर नव्हती. पट्टम्माळ भांडी टोपलीत भरत होती. जयवंता हसून तिच्याजवळ बसायला गेली, तर ती बाई तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. जयवंतानं पुढे होऊन तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, ओट्यावरच्या शालिकरामकडे बोट केलं, जयवंताकडे बोट केलं, आणि डोळ्यांना पदर लावला.

भाषा कळत नसली तरी एवढं जयवंताला कळलं. ती तशीच तरातरा ओट्याशी आली.

“अवो, तुमी काय करून ठेवलं? ती बाई रडून राह्यली ना तिकडे. अन् तुमी छत्रीखाली बसून कॉफी पिऊन राह्यले.”

शालिकराम पेला हातात तसाच धरून उभा राहिला. तेवढ्यात त्याच घराच्या दारातून एक उंच, गोरटेले, पंचाहत्तरीचे गृहस्थ बाहेर आले. कपाळाला गंध, अंगात कोट, खाली पांढरंशुभ्र धोतर, आणि हातात इंग्रजीत लिहिलेला फुलस्केप कागद. ते जयवंताकडे टक लावून बघत होते.

“आपण मराठी बोलतां,” ते म्हणाले. “आपण देशावरून आलांत काय?”

ती मराठी शालिकरामनं कधी ऐकलेली नव्हती. शब्द ओळखीचे, पण पोथीतून उठून आल्यासारखे, आणि चाल पूर्ण तमिळ. त्यांचं नाव सेतुमाधवराव. त्यांचे पूर्वज भोसल्यांबरोबर तंजावरला उतरले ते तिकडचेच झाले. घरात मराठी टिकली होती, पण खुद्द महाराष्ट्रातून आलेला माणूस त्यांच्या ओट्यावर बसून बोलताना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि हातातला कागद म्हणजे गल्लीनं त्यांच्याकडून लिहून घेतलेला अर्ज होता. रस्ता रुंद करायला आलेल्या साहेबांनी गरिबांवर दया करावी म्हणून.

शालिकराम ओट्यावर बसलाच. छत्री, शहाळं, कॉफी, खुर्ची, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून उलट्या क्रमानं गेलं. माणसं त्याला सामावून घेत नव्हती, भीत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या रेघेला कुणी घाबरलं होतं.

“मी साहेब नाही जी,” तो कसाबसा म्हणाला. “मी दुसऱ्यानं आखलेलं गिरवतो. हे आपलं मनानं काढून पाह्यत होतो.” आणि त्यानं फळी पुढे केली.

सेतुमाधवरावांनी चष्मा लावला. कागदावर रस्त्याची रुंदी नव्हती, एकही माप नव्हतं. कडेला बारीक अक्षरात नोंदी होत्या, त्या त्यांनी आधी मनात वाचल्या, मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि मग ते ओट्याच्या कडेला उभे राहून मोठ्यानं तमिळमध्ये वाचू लागले. हिरव्या लुगड्याची बाई, सकाळपासून चाळीस माणसं. त्यांतली अकरा नुसती उभ्यानं बोलून गेली, खाल्लं काही नाही. केळीवाला, दोनदा झोपला. न्हावी, गिऱ्हाईक एक, गप्पा मारणारे सहा. गजरेवाली म्हातारी जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघते, विकत कुणी घेवो न घेवो.

पहिल्यांदा इस्त्रीवाला हसला. मग केळीवाल्याला कुणीतरी कोपरानं ढोसलं. छत्री धरणारानं छत्री मिटली. आणि मग हसू असं पसरलं, की वरच्या खिडक्या उघडल्या. पट्टम्माळ गर्दीतून पुढे आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि न खाता नुसती बोलून जाणारी ती अकरा माणसं कोण, हे तिनं बोटावर मोजून नावानिशी सांगितलं. त्यांतले चौघं तिथंच उभे होते.

त्यानंतर शालिकरामच्या हातात काही राहिलं नाही. न्हावी आला तो रागावलेला. त्याला गटाराच्या चुकीच्या बाजूला दाखवलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत तो हलला नाही. केळीवाल्यानं सेतुमाधवरावांकरवी सांगितलं, की आपण एकदाच झोपलो, दुसऱ्यांदा डोळे मिटून विचार करत होतो. वरच्या मजल्यावरच्या दोन बहिणींना खिडकीसकट नकाशात यायचं होतं. तासाभरात चूल परत झाडाखाली आली, ताडपत्री चढली, खुर्ची रस्त्यावर आली, आणि पुस्तकात सांगितलेलं न हलता, न बोलता बसणं तर बाजूलाच राहिलं. शालिकरामला बोलून बोलून घसा बसला. तो मराठीत विचारायचा, सेतुमाधवराव तमिळमध्ये विचारायचे, उत्तर पाच माणसं एकदम द्यायची, आणि जयवंता खोबरं खवता खवता मधूनच सांगायची, की तसं नाही, इस्त्रीवाल्याच्या घराची किल्ली न्हाव्याच्या बायकोकडे नाही, गजरेवालीकडे असते. विचारलं तर ते बरोबर निघायचं.

चार दिवस हे चाललं. सकाळी समुद्र, मग कोपरा, दुपारी सेतुमाधवरावांच्या ओसरीवर जेवण. त्यांच्या घरी ताटात सांबार आणि भाजीबरोबर भाकरीसारखं काहीच नसायचं, त्याची जयवंताला चुटपुट लागायची, आणि तिचं “मले-तुले” ऐकून ते पोट धरून हसायचे. ती म्हणायची, आम्हीच बरोबर बोलतो, तुमची मराठी वाटेत भिजली. शालिकराम कागदावर लाल रेघा ओढत होता, कोण कुणाशी बोलतं त्या, आणि जसजशा त्या वाढल्या तसतसं त्याला दिसायला लागलं, की बहुतेक सगळ्या रेघा झाडाखालच्या चुलीवरून जातात. हे त्यानं सेतुमाधवरावांकरवी पट्टम्माळला सांगितलं. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. तिनं फक्त विचारलं, की हिला कुठं टाकलंस, आणि जयवंताकडे बोट केलं.

शालिकराम चपापला. शेकडो ठिपके टाकले होते आणि रोज चुलीशेजारी बसलेली आपली बायको त्यात नव्हती. पुस्तकात बघणाऱ्याच्या घरच्या माणसांबद्दल काही नव्हतं. त्यानं चुलीला चिकटून एक ठिपका काढला. गल्लीतल्या लोकांना तो लहान वाटला. मग त्यानं मोठा केला, आणि जयवंतानं वाकून बघितलं तशी तिचे कान लाल झाले.

संक्रांतीच्या दिवशी तिकडे त्यांचा पोंगल. पहाटेपासून दारोदार पांढऱ्या पिठाच्या रांगोळ्या, ऊस, हळदीची ओली रोपं. नकाशा त्या दिवशी पुरा झाला. जयवंतानं तिळगुळाचा डबा उघडला आणि नकाशातल्या प्रत्येक ठिपक्याच्या हातावर तिळगूळ ठेवायचा असं ठरवून निघाली. डबा न्हाव्यापर्यंतच पुरला. तेव्हा पट्टम्माळनं आपल्या पातेल्यातला गोड भात काढला आणि उरलेला कोपरा दोघींनी मिळून पुरा केला.

नकाशा कुणी ठेवायचा यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी मूळ कागद कोपऱ्याचा, तो सेतुमाधवरावांच्या ओसरीवर काच लावून टांगायचा, असं ठरलं. शालिकरामनं ट्रेसिंगचं कापड पसरलं आणि सगळी गल्ली बघत असताना दुपारभर बसून त्याची नक्कल उतरवून घेतली. स्वतःचंच आखलेलं गिरवताना मजा येते, हे त्याला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

नागपूरला परत आल्यावर त्यानं ती नक्कल ऑफिसात टेबलामागच्या भिंतीवर लावली. देवरावला त्यातली माणसं नावानं पाठ झाली. एकदा मोठे साहेब फिरत फिरत आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि विचारलं, की धोटे, याचं स्केल काय. शालिकराम म्हणाला, “याले स्केल नाही साहेब. जसं दिसलं तसं आहे.” साहेबांनी मान हलवली आणि ते दर एक-दोन महिन्यांनी कुणाला ना कुणाला ते दाखवायला आणू लागले.

महालातल्या त्या ओट्यावरही शालिकराम पुन्हा बसला. आता ओळखीचे लोक थांबले तर तो वैतागत नव्हता. तिथंच बसवून घ्यायचा आणि विचारायचा. एक्याऐंशीला तो रिटायर झाला तोवर त्याच्याकडे नागपूरच्या नऊ कोपऱ्यांचे नकाशे होते. सगळ्यांत माणसं. काही चुकलं असेल तर जयवंता सांगायची.

सेतुमाधवरावांचं पत्र दर जानेवारीत यायचं, त्यांच्या त्या जुन्या मराठीत. त्र्याऐंशीच्या पत्रात होतं, की पट्टम्माळ मैलापूरच्या बायकांबरोबर काशीला निघाली आहे, गाडी नागपूरवरून जाईल, डब्याचा नंबर अमुक. त्या दिवशी सकाळी दोघं संत्र्यांच्या दोन टोपल्या घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे होते. गाडी थांबली तशी खिडकीतून पट्टम्माळचा पांढरा झालेला आंबाडा दिसला. जयवंता डब्यात शिरली ती शिरलीच. शालिकराम खिडकीतून टोपल्या आत सरकवत होता, बायका एकमेकींच्या मांडीवर संत्री टाकत होत्या, सालींचा वास डबाभर झाला होता, आणि आत दहा वर्षांची थकबाकी दोन भाषांत एकदम बोलली जात होती. आत शिट्टी कुणी ऐकली नाही. शालिकरामनं ऐकली, पण तोंडातून शब्द फुटेपर्यंत गाडी हलली होती. खिडकीतून जयवंतानं त्याच्याकडे पाहिलं. ती घाबरेल असं त्याला वाटलं होतं. तिनं हात हलवला.

जुन्या ओळखीवर शालिकराम गाड्यांच्या कंट्रोलच्या खोलीत धावला. फोन गेला. पुढच्या आमला जंक्शनवर स्टेशनमास्तरांनी तिला उतरवून घेतलं, चहा पाजला आणि परतीच्या पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. संध्याकाळी ती नागपूरला उतरली तेव्हा शालिकराम सकाळपासून त्याच बाकावर बसून होता. तिच्या हातात पट्टम्माळनं दिलेला मुरुकुचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा होता आणि बरोबर आमल्याच्या मास्तरांच्या बायकोनं दिलेली कढीपत्त्याची जुडी.

“मास्तरीण लय चांगली बाई हाये,” ती बाकावर बसत म्हणाली. “सटाण्याची हाये. तिच्या पोरीचं लग्न हाये फागुनात, आपल्याले बलावलं तिनं. अन् तुमी जेवले का?”

तो जेवला नव्हता. दोघांनी तिथंच बाकावर मुरुकुचा डबा उघडला.